दोन थरांच्या मध्ये

१९८० साली जपानमधल्या नागोया शहरात, नगरपालिकेच्या औद्योगिक संशोधन संस्थेत, हिदेओ कोडामा नावाचे एक संशोधक द्रवरूप प्लास्टिकशी खटपट करत होते. अतिनील प्रकाश पडला की हा द्रव घट्ट होई. छपाईच्या प्लेटा तयार करायला अशी रसायने तेव्हा वापरात होतीच. कोडामांनी त्यांच्याकडून वेगळेच काम करून घेतले. भांड्यात द्रवाचा पातळ थर, त्यावर हव्या त्या आकारात प्रकाश, घट्ट झालेला थर जरासा खाली, त्यावर पुन्हा द्रव, पुन्हा प्रकाश. असे थर चढवत त्यांनी ज्या वस्तू बनवल्या त्यांत एक चिमुकले घर होते. त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९८१ मध्ये शोधनिबंधही छापला. आसपासच्या कोणाला त्यात फारसे काही दिसले नाही. अर्जाचा पाठपुरावा राहून गेला आणि पेटंट कधी मिळालेच नाही.

थरावर थर रचून वस्तू घडवावी ही कल्पना कोडामांच्याही आधी पुष्कळांना सुचली होती. १८९२ साली ब्लँथर नावाच्या गृहस्थांनी अमेरिकेत डोंगरदऱ्यांचे उठावाचे नकाशे करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. नकाशावरच्या समोच्च रेषांप्रमाणे मेणाच्या पट्ट्या कापायच्या आणि त्या एकीवर एक बसवायच्या. १९७४ मध्ये ‘न्यू सायंटिस्ट’ या इंग्रजी साप्ताहिकात डेव्हिड जोन्स यांनी लेसरने द्रव प्लास्टिक घट्ट करून वस्तू काढण्याची कल्पना मांडली, पण ती चक्क विनोदी सदरात. तेव्हा थराचा मान नेमका कोणाला द्यायचा, या वादात मला फारसा रस नाही. थर टाकणे ही गोष्ट मुळात सोपीच आहे. टाकलेला थर खालच्या थराला घट्ट धरून राहील, आक्रसून वाकणार नाही आणि वरच्याचा भार पेलेल, हे साधणे अवघड. ते ज्याला साधले त्याचे यंत्र चालले. प्लास्टिक, धातू, काँक्रीट या तिन्ही माध्यमांत हाच अनुभव येत गेला.

कॅलिफोर्नियात चार्ल्स हल हे अभियंता अतिनील दिवे बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम करत. टेबलांच्या पृष्ठभागावर जो पातळ, चिवट मुलामा असतो तो झटपट घट्ट करायला हे दिवे लागत. एखादी नवी प्लास्टिकची वस्तू हातात घेऊन पाहायची, तर आधी साचा करवून घ्यावा लागे आणि त्यात महिना दीड महिना सहज जाई. नमुना चुकला की पुन्हा तेवढाच खोळंबा. दिव्याखाली घट्ट होणारा मुलामा एकावर एक चढवत नेला तर नमुनाच तयार होईल, असे हल यांच्या मनाने घेतले. दिवसा नोकरी, आणि संध्याकाळी व सुट्टीच्या दिवशी प्रयोग, असा क्रम त्यांनी धरला. ९ मार्च १९८३ रोजी डोळे धुण्याच्या औषधासाठी असते तशी एक छोटी काळी वाटी त्यांच्या यंत्रातून बाहेर आली. पत्नीला प्रयोगशाळेत बोलावून घेऊन त्यांनी ती दाखवली.

फ्रान्समध्येही तेव्हा तिघे जण याच वाटेवर होते. ल मेओते, द वित आणि आंद्रे यांनी १६ जुलै १९८४ रोजी पेटंटचा अर्ज केला. हल यांचा अर्ज ८ ऑगस्टचा, म्हणजे तीन आठवडे मागाहूनचा. पण फ्रेंच संशोधकांच्या मालक कंपन्यांना यात धंदा दिसला नाही आणि त्यांनी तो अर्ज सोडून दिला. हल यांना मार्च १९८६ मध्ये पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी त्यांनी ‘थ्रीडी सिस्टिम्स’ ही कंपनी काढली. १९९५ मध्ये ब्रिटनमधले रँक पारितोषिक कोडामा आणि हल यांना मिळून देण्यात आले. नागोयाच्या वाट्याला एवढे तरी आले.

हल यांनी यंत्राइतकेच महत्त्वाचे दुसरे एक काम केले. संगणकावर काढलेली वस्तू यंत्राला समजणार कशी? त्यासाठी तिचा सारा पृष्ठभाग बारीक बारीक त्रिकोणांनी मढवायचा आणि त्या त्रिकोणांची यादी फाइलमध्ये उतरवायची, अशी रीत त्यांच्या कंपनीने पाडली. या एसटीएल फाइली आजही चालतात. मग दुसरी आज्ञावली त्या आकाराचे आडवे काप करते आणि प्रत्येक कापाच्या कडेने, मग आतून, यंत्राने कसे फिरायचे ते ठरवते. थराची जाडी ०.१ मिलिमीटर धरली तर दहा सेंटीमीटर उंचीच्या वस्तूला १,००० थर लागतात. त्यातला चारशेवा थर फसला तर उरलेले सहाशे नीट पडूनही काही उपयोग नाही.

आणि थर फसत. द्रव प्लास्टिक घट्ट होताना आक्रसते. वरचा थर आक्रसला की खालच्याला ओढतो आणि कोपरे वर उचलले जातात. अधांतरी भागांना खाली टेकू द्यावे लागतात, आणि ते मागाहून तोडून घासून काढावे लागतात. पहिल्या यंत्रांचे गिऱ्हाईक मोटार आणि विमान बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या होत्या. त्यांनाही वस्तू वापरायला नको होती, नुसती पाहायला आणि जुळवून बघायला हवी होती. ठिसूळ नमुना त्यांना चालून जाई.

टेक्सास विद्यापीठातल्या कार्ल डेकार्ड या विद्यार्थ्याने टेकूचा प्रश्न निराळ्याच रीतीने मिटवला. प्राध्यापक जो बीमन यांच्या हाताखाली त्याने द्रवाऐवजी भुकटी घेतली. भुकटीचा थर पसरायचा, हवी तेवढीच जागा लेसरने भाजून चिकटवायची, वर नवा थर पसरायचा. न भाजलेली भुकटी आपसूकच टेकू होते आणि शेवटी झटकून टाकता येते. मात्र सगळी भुकटी वितळण्याच्या थोडी अलीकडच्या तापमानाला तापवून ठेवावी लागते, नाहीतर गरम थर गार थरावर पडून वाकतो. म्हणजे पुन्हा तेच दुखणे.

तिसरी रीत स्वयंपाकघरात जन्मली. १९८८ मध्ये स्कॉट क्रम्प यांना लहान मुलीसाठी खेळण्यातला बेडूक करायचा होता. गोंद वितळवून सोडणाऱ्या पिस्तुलात त्यांनी प्लास्टिक आणि मेण यांचे मिश्रण भरले आणि हाताने थर चढवत बेडूक केला. पुढच्याच वर्षी पत्नी लिसा यांच्यासह त्यांनी ‘स्ट्रॅटासिस’ कंपनी स्थापन केली. आज शाळाकॉलेजांत दिसणारे, प्लास्टिकच्या तारेचे रीळ लावलेले छोटे थ्रीडी प्रिंटर याच बेडकाचे वंशज. त्यांवर काढलेली वस्तू आडवी ओढली तर चांगली टिकते. थरांवर उभा ताण दिला तर थरांच्या सांध्यातच सुटते. वस्तू कोणत्या कुशीवर आडवी घालून छापायची, हे म्हणूनच कसबी माणूस आधी ठरवतो.

पुढचा काही काळ पेटंटांचा होता. यंत्रे महाग होती आणि मोजक्या कंपन्यांच्या हाती होती. ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी २००५ च्या सुमारास स्वतःचेच बरेचसे सुटे भाग छापू शकेल असा प्रिंटर करायला घेतला आणि त्याचे आराखडे सगळ्यांना फुकट देऊन टाकले. क्रम्प यांच्या मूळ पेटंटची मुदत २००९ मध्ये संपली आणि स्वस्त प्रिंटरांचा पूर आला. घरोघरी कारखाना उभा राहणार, तुटलेली मूठ किंवा हरवलेले झाकण लोक घरीच छापणार, अशी भाकिते झाली. २०१३ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी संसदेसमोरच्या वार्षिक भाषणातही या तंत्राचा उल्लेख केला. ती हवा दोनतीन वर्षांत ओसरली. प्लास्टिकची बादली साच्यातून काही सेकंदांत पडते. तीच बादली छापायला तासच्या तास लागत असतील तर बादलीसाठी प्रिंटर कोण घेईल?

खरा उपयोग भलतीकडेच निघाला. जिथे प्रत्येक वस्तू वेगळी हवी, तिथे साचा परवडत नाही. दोन माणसांच्या कानांची ठेवण सारखी नसते. म्हणून कानात बसणाऱ्या श्रवणयंत्रांची कवचे छापली जाऊ लागली. दात सरळ करणाऱ्या पारदर्शक पट्ट्या आल्या. त्यांत रोग्याच्या दातांचा नमुना छापतात आणि त्यावर प्लास्टिकचा पातळ पत्रा तापवून बसवतात. मुंबईत सीप्झमधल्या निर्यातीच्या दागिन्यांचेही तेच. पूर्वी कारागीर मेण कोरून नमुना करत, आता तो संगणकावर काढून मेणासारख्या पदार्थात छापतात आणि त्यावरून सोन्याचे ओतकाम करतात. हे सारे आपल्या नजरेआड चालते. गाजावाजा बेडकांचा आणि खेळण्यांचा झाला, पैसा मात्र कानादातांनी मिळवून दिला.

धातूची पाळी उशिरा आली. १९९० च्या दशकात जर्मनीत, विशेषतः आखेनच्या फ्राउनहोफर संस्थेत, धातूची भुकटी लेसरने पूर्ण वितळवण्याची रीत बसवली गेली. यंत्राच्या पेटीत हवेऐवजी आर्गनसारखा निष्क्रिय वायू भरतात, कारण तप्त धातूची भुकटी प्राणवायूशी लगेच संयोग पावते. लेसर जिथे पडतो तिथला धातू क्षणात वितळतो आणि क्षणात थिजतो. त्यामुळे वस्तूत ताण अडकून राहतो. ती खालच्या जाड पत्र्याला जखडूनच छापावी लागते, मग भट्टीत तापवून तो ताण सोडवायचा आणि त्यानंतरच पत्र्यापासून कापून काढायची. बटण दाबले आणि भाग मिळाला, असे इथे काहीच नसते. छापून झाल्यावरचे काम छपाईपेक्षा जास्त असू शकते.

तरी विमानवाल्यांनी हे मनावर घेतले, त्याचे कारण इंधनाचा फवारा सोडणारी एक तोटी. जनरल इलेक्ट्रिक आणि फ्रान्सची साफ्रां यांच्या लीप इंजिनात ही तोटी पूर्वीच्या रीतीने केली तर सुमारे २० तुकडे जोडावे लागले असते. आतल्या वळणावळणाच्या वाहिन्यांमुळे ओतकामही अवघड होते. छापून ती अखंड निघाली, वजनाने २५ टक्के हलकी आणि कंपनीच्या दाव्यानुसार पाचपट टिकाऊ. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या ऑबर्नच्या कारखान्यात अशा ३०,००० तोट्या २०१८ पर्यंत छापून झाल्या होत्या. एकेका नमुन्यासाठी जन्मलेले तंत्र इथे उत्पादनाला लागले.

इस्रोची आकडेवारी तर आणखी बोलकी आहे. पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचे पीएस-४ इंजिन छपाईसाठी नव्याने आखले गेले. १४ भागांचे काम एका भागावर आले आणि १९ वेल्डिंगचे सांधे नाहीसे झाले. पूर्वी एका इंजिनाला ५६५ किलो धातू घेऊन तो कातून, घडवून काढावा लागे, आता १३.७ किलो भुकटी पुरते. ९ मे २०२४ रोजी हे इंजिन सलग ६६५ सेकंद चालवून पाहण्यात आले. त्याच महिन्याच्या ३० तारखेला चेन्नईच्या अग्निकुल कंपनीचे छोटे रॉकेट श्रीहरिकोट्याहून उडाले. त्याचेही इंजिन एकसंध छापलेले होते. रॉकेटमध्ये प्रत्येक सांधा ही गळतीची संभाव्य जागा असते. बाहेरचे १९ सांधे घालवायचे तर आतले सगळे थर एकजीव झाले पाहिजेत, आणि खरी परीक्षा तिथेच असते.

छापलेल्या बांधकामाचा इतिहास आणखी मजेदार आहे, कारण तो प्लास्टिकच्या छपाईच्याही आधी सुरू होतो. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या व्हॅलपरायझो गावी विल्यम उर्शल नावाचे उद्योजक होते. गूजबेरी नावाच्या फळाचे देठ खुडणाऱ्या यंत्रावर त्यांचा धंदा उभा राहिला होता. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी भिंत घालणारे यंत्र बनवले. मध्यावर खांब, त्याला फिरता हात, आणि त्या हाताच्या टोकाने काँक्रीट दाबत दाबत गोल भिंतीचा एकेक थर टाकायचा. त्याचे पेटंट १९४४ मध्ये मिळाले. संगणक नव्हता, नोझल नव्हते. तरी आज छापलेल्या भिंतींचे व्हिडिओ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे यंत्र लगेच ओळखू येईल. त्यातून पुढे बांधकामाचा धंदा काही उभा राहिला नाही, आणि उर्शल यांची कंपनी भाज्या चिरणारी यंत्रे करत राहिली.

नंतरचे नाव बेहरोख खोशनेविस यांचे. ते लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक होते. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपाने घराच्या भिंतींना गेलेल्या भेगा थापीने बुजवताना कल्पना सुचली, असे ते सांगत. नोझलमधून मिश्रण सोडायचे आणि दोन्ही बाजूंनी थापी फिरवत भिंत गुळगुळीत करत जायची. ही पद्धत कागदावर आणि प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे चालली.

अडत काय होते? पंपातून आणि लांबलचक नळीतून पुढे सरकावे इतके मिश्रण सैल हवे. नोझलबाहेर पडताच मात्र त्याने आकार धरला पाहिजे आणि काही मिनिटांत वरच्या थरांचे वजन पेलले पाहिजे. यंत्राने घाई केली तर खालचे थर दबून भिंत फुगते, कधी कोसळते. उशीर केला तर खालच्या थराचा पृष्ठभाग सुकतो आणि वरचा थर त्यावर नुसता टेकून राहतो. तिथून पुढे पाणी झिरपते, भेग जाते. आपल्याकडे मातीच्या भिंती घालणारे एक थर सुकला की मगच दुसरा चढवत. इथला हिशेब बरोबर उलटा, आणि त्यासाठी किती मिनिटे मिळतील ते ऊन, वारा आणि सिमेंटचा प्रकार ठरवणार. नोझलमध्ये अडकू नये म्हणून मोठी खडी वगळावी लागते आणि सिमेंटचे प्रमाण वाढते. छापलेली भिंत आपोआप पर्यावरणस्नेही ठरते असे सांगणाऱ्यांनी हा जमाखर्चही मांडायला हवा.

फायदाही खरा आहे. सेंटरिंग लागत नाही. काँक्रीटच्या कामात फळ्या, पत्रे, टेकू उभे करणे आणि मग काढणे यातच किती पैसा आणि दिवस जातात, हे घर बांधलेल्या कोणालाही ठाऊक असते. शिवाय यंत्राला सरळ भिंत आणि वळणदार भिंत सारखीच. गवंड्याला ती सारखी नसते, आणि त्याच्या बिलालाही नसते.

उरतो तो सळईचा पेच. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही, म्हणून सळई हवीच. पण आधीच उभ्या केलेल्या सळयांच्या जंगलातून नोझल फिरणार कसे? बहुतेकांनी सोपा मार्ग काढला: दोन पातळ पापुद्रे छापायचे, मधल्या पोकळीत माणसांनी सळया बांधायच्या आणि वरून नेहमीचे काँक्रीट ओतायचे. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन तंत्रविद्यापीठाने नीट विचार करून वेगळे केले. खेमर्ट गावचा सायकलींचा ८ मीटरचा पूल २०१७ मध्ये खुला झाला. तिथे थर टाकतानाच आत पोलादी तार घातली, तुकडे कारखान्यात छापले आणि केबल आवळून ते एकमेकांवर दाबून धरले.

प्रसिद्धी मात्र दुसऱ्यांना मिळाली. २०१४ मध्ये शांघायच्या विनसन कंपनीने एका दिवसात दहा घरे छापल्याची बातमी जगभर फिरली. घरांचे भाग कारखान्यात छापून जागेवर जोडले होते, हे बातमीच्या शेवटी असे, किंवा नसेच. दुबईत २०१६ मध्ये उघडलेल्या २५० चौरस मीटरच्या कार्यालयाचे भागही १७ दिवसांत छापून मग जोडण्यात आले. २०३० पर्यंत २५ टक्के इमारतींत हे तंत्र वापरायचे, असे दुबईने त्याच वर्षी जाहीर केले. घोषणा करायला दुबईइतके चांगले ठिकाण दुसरे नाही.

भारतात लार्सन अँड टुब्रोने डिसेंबर २०२० मध्ये कांचीपुरमला तळमजला आणि त्यावर एक मजला अशी ७०० चौरस फुटांची इमारत छापली. यंत्र १०६ तास चालले. स्लॅब छापलेला नव्हता, असे कंपनीने प्रामाणिकपणे सांगितले होते. पुढच्या एप्रिलमध्ये आयआयटी मद्रासच्या आवारात तिथल्याच माजी विद्यार्थ्यांच्या त्वस्ता कंपनीने ६०० चौरस फुटांचे घर उभे केले. मग आले बेंगळुरूच्या केंब्रिज लेआउटमधले टपाल कार्यालय. १,०२१ चौरस फूट, काम सुरू २१ मार्च २०२३ रोजी, पूर्ण ३ मे रोजी, खर्च सुमारे २३ लाख. म्हणजे चौरस फुटाला २,२५० रुपयांच्या आसपास. हा भाव ऐकून आपल्याकडचा कोणी ठेकेदार दचकणार नाही. दचकेल तो मुदत ऐकून. आपल्याकडे दीड महिन्यात कित्येकदा पायाच चाललेला असतो.

सैन्याला यात रस वाटतो तो भावासाठी नव्हे. अहमदाबादच्या छावणीत डिसेंबर २०२२ मध्ये लष्करी अभियंत्यांनी ७१ चौरस मीटरचे घर छापून घेतले. २०२५ मध्ये हैदराबादच्या आयआयटीने सिंप्लिफोर्ज कंपनीच्या साथीने लेहला, ११,००० फुटांवर, जागेवरच बंकर छापला. त्या उंचीवर बांधकामाचा हंगाम तोकडा, माणसे आणि साहित्य दोन्ही खालून न्यायचे, आणि हवा अशी कोरडी की ओला थर बघता बघता सुकतो. चेन्नई-बेंगळुरूच्या हवेत बसवलेले मिश्रण तिथे जसेच्या तसे चालत नाही. पाणी, सिमेंट आणि दोन थरांमधली मिनिटे, सगळे पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागते.